जात्याच्या पलीकडे कोण बसलंय? – जनाबाईच्या अभंगांतला विश्वास आणि आनंद

मागच्या वेळी आपण तुकोबांवर बोललो होतो. दुष्काळ, दिवाळं, घरातले मृत्यू, आणि एवढं सगळं होऊनही त्यांनी विठ्ठलावर टाकलेला भार, असा तो विषय होता. व्याख्यान संपल्यावर एक बाई थांबल्या. घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, कितीतरी वर्षं. त्या मला म्हणाल्या, "सर, देवावर भार टाका, मन हलकं होतं, हे सगळं ऐकायला छान वाटतं. पण रात्री दोन वाजता उठून सासूबाईंची कूस बदलायची असते, तेव्हा देव येतो का हो?"

मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. शक्ती तोच देतो, वगैरे. त्या हसल्या आणि गेल्या. ते हसणं माझ्या डोक्यातून गेलं नाही. म्हणून आज ठरलेला विषय थोडा बाजूला ठेवून जनाबाईंकडे येतोय. कारण रात्री दोनला देव येतो का, हा प्रश्न मराठीत सगळ्यात थेट कुणी हाताळला असेल, तर तो जनाबाईंनी. आणि त्यांचं उत्तर आहे, 'हो, येतो.' ते 'हो' नेमकं कशाला आहे, तेवढंच आज बघायचंय.

आधी माहिती थोडक्यात. जनाबाई गंगाखेडच्या, आजच्या परभणी जिल्ह्यातल्या, गोदावरीकाठच्या. लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या घरी आल्या आणि तिथंच दासी म्हणून राहिल्या. काळ तेराव्या-चौदाव्या शतकाचा. त्यांच्या नावावर साधारण साडेतीनशे अभंग आहेत, आणि ते नामदेवांच्या गाथेतूनच आपल्यापर्यंत आले. यातले सगळे त्यांचेच का, हा प्रश्न अभ्यासकांना पडतो आणि तो पडायलाच हवा. मौखिक परंपरेत 'नामयाची दासी जनी' या मुद्रेखाली पुढच्या कुणाकुणाचे शब्द येऊन बसले असणार. पण समजा बसले असतील, तरी त्या अनामिक माणसांना आपलं म्हणणं दासीच्या तोंडून सांगावंसं वाटलं, हेही काही कमी नाही. आज मी 'जनाबाई' म्हणेन तेव्हा हा सगळा आवाज धरून म्हणेन.

आता चित्र. तुम्ही सगळ्यांनी ते पाहिलंय. कॅलेंडरवर असतं, देवळाच्या भिंतीवर असतं. जनी जात्याशी बसलीये आणि समोर साक्षात विठ्ठल, मुकुट-कुंडलांसकट, खुंट्याला हात लावून. दोघांच्या चेहऱ्यावर मंद हसू. माझी तक्रार या हसण्याबद्दल आहे. या चित्रात जनी दमलेली नाही. आणि दमलेली जनी काढून टाकली, की देवाच्या येण्याला काही अर्थच उरत नाही. मग तो नुसता चमत्कार होतो, हात जोडायचे आणि पान उलटायचं.

अभंगांत काय आहे ते पाहा. देव तिथं काय काय करतो याची यादीच काढा. दळू लागतो. कांडू लागतो. पाणी भरतो. झाडलोट करतो. रानात तिच्यामागे शेण्या वेचत जातो. तिला न्हाऊ घालतो, तिच्या डोक्यातल्या उवा काढतो. ही सगळी त्या काळी बाईची कामं, त्यातही घरातल्या सगळ्यात खालच्या बाईची. अर्जुनाचा रथ हाकणारा देव आपल्याला मोठा वाटतो, कारण रथ मोठा आहे, युद्ध मोठं आहे. शेणी वेचणाऱ्या देवाला कसलंच मोठेपण नाही. जनाबाई ते त्याला देतही नाहीत. मोठ्या आश्चर्यानं काही सांगतायत असा सूरच नसतो. शेजारीण येऊन हात लावून गेली, हे आपण जसं सांगू, तसं त्या सांगतात.

आता हीच यादी उलटी करून पाहा. देव काय करत नाही? आपल्या संतकथांत देव पुष्कळ गोष्टी करतो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारं लोकांसाठी उघडली, तेव्हा देव विठू महार होऊन बीदरला गेला आणि पैसे भरून आला. प्रश्न मिटला. सखूला सासू पंढरीला जाऊ देत नव्हती, तर देव तिच्या जागी सून होऊन राहिला आणि ती सुटली. जनीच्या बाबतीत असं काही होत नाही. तिचं दासीपण तो काढून घेत नाही. दळण संपवून टाकत नाही. एका रात्रीत पीठ आपोआप तयार होऊन पडलंय, अशी कथासुद्धा तिच्या वाट्याला नाही. तो फक्त समोर येऊन बसतो आणि खुंट्याला हात लावतो.

इथं थोडं थांबू या. तुमच्यापैकी किती जणांनी प्रत्यक्ष जात्यावर दळलंय? (काही हात वर) आहेत, पाच-सहा आहेत. मग तुम्हाला माहितीये. एकटीनं दळताना सगळा ओढा एका खांद्यावर येतो. मुठीनं दाणे टाकायला हात काढला, की जातं मंदावतं. समोर दुसरी बाई बसली, की एकच खुंटा दोघींच्या हातात येतो, अर्धा फेरा तिचा, अर्धा माझा. वजन अर्धं होतंच, पण मुख्य म्हणजे लय लागते. आणि लय लागली की ओवी सुचते. एकीनं म्हणायची, दुसरीनं उचलायची. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, तो आकडा एक लाखाच्या वर गेला. आणि त्या ओव्यांत जनी आणि विठ्ठल पुन्हापुन्हा भेटतात. रुक्मिणी तर जनीवर रुसलेली सापडते, की ही कोण, जिच्याकडे माझा नवरा उठूनसुटून जातो! बायकांनी ही कथा अगदी घरातली करून टाकलीये.

तर जात्याला समोरची बाई लागते. सासूला सून असते, नणंदेला भावजय असते. पण दासीच्या समोर कोण बसणार? नामदेवांच्या घरात चौदा माणसं होती आणि पंधरावी जनी, असं परंपरा सांगते. आई गोणाई, बायको राजाई, मुलं, सुना, सगळी नावं अभंगात मोजलेली आहेत. पंधरा माणसांचं दळण, आणि जात्याच्या पलीकडची जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेवर जनाबाईंनी देव बसवला. मला वाटतं, मराठी कवितेतली ही फार मोठी कल्पना आहे, आणि ती आली आहे कामाच्या अनुभवातून. देवाची काळजी म्हणजे काय, तर पलीकडची बाजू कुणीतरी धरलीये याचा भरवसा. आणि आनंदही तिथूनच येतो. काम संपल्यावर मिळणारा विसावा हा नव्हे, कारण दासीचं काम संपत नाही. पीठ रोज संपतं आणि दळण रोज उरतं. म्हणून हा विश्वास एकदा ठेवला आणि झालं, असा नाही. दर पहाटे पुन्हा जात्याशी बसायचं आणि दर पहाटे समोर कुणीतरी आहे हे पुन्हा नव्यानं अनुभवायचं. देवच खाते, देवच पिते, देवावरच निजते, अशा अर्थाचा त्यांचा जो अभंग आहे, तो मी याच रोजच्या अंगानं वाचतो. खाणं, पिणं, निजणं, तिन्ही गोष्टी रोज नव्यानं कराव्या लागणाऱ्या.

पण एक लक्षात घ्या, हा विश्वास मऊ नाही. विठ्ठल आला नाही, तर जनाबाई त्याला शिव्या घालतात. अगदी चारचौघांत म्हणता येणार नाहीत अशा. त्याचं मरण काढतात, त्याच्या बायकोला विधवा करून मोकळ्या होतात. कीर्तनात हे अभंग क्वचितच येतात, आले तरी 'लाडानं बोलतायत' म्हणून बुवा पुढे सरकतात. मला ते लाड वाटत नाहीत. ज्याच्यावर खरोखर विसंबलोय, त्याच्यावरच माणूस असं संतापतो. परक्यावर कोण संतापेल? दुसऱ्या एका अभंगात त्या देवाला चोरासारखा पकडतात आणि हृदयाच्या कोठडीत कोंडतात, तो काकुळतीला येतो. हे वाचल्यावर शरणागती म्हणजे मान खाली घालून गप्प बसणं, असं कुणी म्हणू नये.

आणि ही काळजी सुरक्षितही नाही. कथा तुम्हाला माहितीये. देव जनीकडे आला, जाताना आपलं पदक विसरून गेला आणि चोरीचा आळ जनीवर आला. चंद्रभागेच्या वाळवंटात तिला सुळी द्यायला नेलं आणि सुळाचं पाणी झालं. आपण सुळाच्या पाण्यापाशी टाळ्या वाजवतो. त्याआधीचं विसरतो, की देव आला म्हणूनच तर ती सुळापर्यंत पोचली. दासीच्या घरी मौल्यवान वस्तू सापडली म्हणजे ती चोरीचीच, हे गावाला विचारावंसंही वाटलं नाही. ज्यांनी ही कथा रचली, त्यांना गाव चांगलं ठाऊक होतं.

आता खरा आक्षेप. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं तो फार रोखठोक मांडला होता. "सर, ही तर सोयच झाली की. दासीला वाटतंय देव दळू लागतोय, म्हणून ती खूश. घरच्यांना पीठ मिळतंय, तेही खूश. बदललं काय?" मी हा आक्षेप झटकून टाकणार नाही. जनाबाईंच्या नावानं आपण नेमकं हेच केलंय. राबणाऱ्या बाईला 'तू जनी आहेस' म्हणायचं आणि जेवायला बसायचं.

पण अभंग ते करत नाहीत. त्या 'दासी' हा शब्द लपवत नाहीत, उलट पुष्कळ अभंगांखाली त्याचीच सही करतात. काम गोड करून सांगत नाहीत. आणि समोर देव बसलाय, असं म्हणताना समोर माणूस बसलेलं नाही, हे आपोआप सांगून जातात. चौदा माणसांच्या घरात देवाला यावं लागलं! हा त्या घरावरचा ठपका आहे, आणि ते घर संताचं आहे म्हणून तो जास्त टोचतो. जनाबाईंना तो ठेवायचा होता का, मला सांगता येणार नाही. पण अभंग वाचताना तो दिसतो.

शेवटी एका अभंगाबद्दल. विठोबा लेकुरवाळा आहे, त्याच्याभोवती संतांचा मेळा आहे, तो अभंग. निवृत्ती खांद्यावर, सोपानाचा हात धरलेला, ज्ञानेश्वर पुढे, मुक्ताई मागे, गोरोबा मांडीवर, बंका कडेवर, नामदेव करंगळी धरून. शाळेपासून आपण हे गातो. कधी मोजून पाहिलंत का, यात जनी कुठंय? देवाच्या अंगावर सगळ्यांना जागा आहे आणि जनी नाही. शेवटी फक्त 'जनी म्हणे' म्हणून येते. मला पूर्वी याचं वाईट वाटायचं, की इथंही बिचारीनं स्वतःला बाहेर ठेवलं. आता वेगळं वाटतं. एवढी पोरं अंगाखांद्यावर घेऊन चाललेला हा देव दमलेला असणार, हे कुणाला दिसेल? जी स्वतः राबते, तिलाच. ती लेकरू होऊन आणखी एक ओझं वाढवत नाही. ती त्याच्याकडे, जात्यासमोरच्या बाईकडे पाहावं, तशी पाहते. काळजी दोन्हीकडून आहे.

तर त्या बाईंचा प्रश्न. रात्री दोनला देव येतो का? मी समीक्षक आहे, येतो की नाही हे सांगायचा अधिकार मला नाही. जनाबाईंचं म्हणणं एवढं नक्की सांगता येतं, की तो आला तर कूस बदलायला हात लावेल, 'सोस' म्हणणार नाही. आणि मी त्या दिवशी जे उत्तर दिलं, ते जात्यापासून लांब उभं राहून दिलं होतं. त्या बाईंच्या घरातही आणखी माणसं असतीलच. मी त्यांना विचारायला हवं होतं, "समोर कोण बसतं?" ते विचारलं नाही.

त्या आज आल्या आहेत की नाही, ठाऊक नाही. आल्या असतील, तर नंतर जरूर भेटा. बाकीच्यांचे प्रश्न आता घेऊ या.