लायकी कोण मोजतो?

जवाहरनगरच्या चहाटपरीवर 'आपल्या लायकीत राहा' हे रोज कानावर येतं. 'लायक' म्हणजे योग्य, कौतुकाचा शब्द. 'लायकी' झाली की धमकी. 'नालायक' तर सरळ शिवी. फॉर्मावर तोच माणूस 'पात्र' नाहीतर 'अपात्र'. पात्र म्हणजे भांडंही. ज्या भांड्याला आपला हात चालत नव्हता, तेच आपल्याला मोजणार?

१९५४ साली याच भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब हरले. संविधानाचा शिल्पकार काय नालायक होता? खोट मापातच आहे.

तरी आपल्या कवितांत 'आम्हीबी लायक आहोत' अशी विनवणी येते. माझ्याही आली. ती ओळ मी खोडली. १९२७ ला महाडात आपण लायकीचा दाखला दाखवला नाही, ओंजळ भरली.