शंभर वर्षांतून एकदा म्हणजे केव्हा?

अकोला जिल्ह्यातील एका शाळेत पुराविषयी बोलण्याचा योग आला होता. फळ्यावर नदीचा छेद काढला, तिच्या दोन्ही बाजूंना निळी आणि लाल रेषा आखली आणि सांगितले, की लाल रेषेपर्यंत पाणी शंभर वर्षांतून एकदा येते. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, आमच्या घरात तं तीन वर्सांत दोनदा पाणी शिरलं. मंग शंभर वर्सं दोनदा झाली का?"

वर्ग हसला. मीही हसलो. पण परतीच्या वाटेवर लक्षात आले, की चूक मुलाची नव्हती, माझ्या वाक्याची होती. त्याचा प्रश्न दुहेरी होता. शंभर वर्षे म्हणजे काय, हा एक. आणि त्याचे घर ज्या नाल्याकाठी आहे त्या नाल्याला मुळात रेषा आहे का, हा दुसरा. पूर आणि घर यांच्याविषयी आपल्यापर्यंत तीन प्रकारचे कागद पोचतात: वर्तमानपत्रातील बातमी, पूररेषेचा नकाशा आणि विम्याची पॉलिसी. या तिन्हींची भाषा धोका समजावून सांगते की झाकून ठेवते, हे तपासून पाहू या.

बातमीतील 'ढगफुटी'

२१ आणि २२ जुलै २०२१ च्या दरम्यान अकोला शहरात एका रात्रीत २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. मोर्णा नदीला पूर आला, खडकी, कौलखेड अशा भागांत घरांत पाणी शिरले, लोकांना बोटींतून बाहेर काढावे लागले. त्याच २२ जुलैला कोकणात चिपळूण बुडाले. त्यामुळे राज्याचे लक्ष तिकडे गेले आणि अकोल्याचा पूर स्थानिक पानावरच राहिला.

अशा प्रत्येक पावसाला आपल्याकडे सरसकट 'ढगफुटी' म्हटले जाते. हवामानशास्त्रात ढगफुटी म्हणजे वीस-तीस चौरस किलोमीटरच्या लहानशा भागात एका तासात १०० मिलिमीटर किंवा अधिक पाऊस. रात्रभरात पडलेल्या २०० मिलिमीटरला ढगफुटी म्हणायचे तर तासातासाची नोंद पाहावी लागेल. हा केवळ शब्दांचा कीस नाही. ढगफुटी म्हटले की दोष आभाळाकडे जातो आणि जमिनीवर काय घडले, हा प्रश्नच कोणी विचारत नाही.

जमिनीवरचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी पडले. एक चौरस किलोमीटरवर २०० मिलिमीटर म्हणजे २० कोटी लिटर. दहा हजार लिटरचा एक टॅंकर धरला तर वीस हजार टॅंकर झाले. अकोल्याचा वर्षाचा सरासरी पाऊस ८०० मिलिमीटरच्या आतबाहेर आहे. म्हणजे वर्षाच्या पावसाचा जवळजवळ चौथा हिस्सा एका रात्रीत आला. आता हे पाणी जायचे कोठे?

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. पहिले पाऊस त्या भेगांतून भराभर आत जातात. पण ही माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुरण्याचा वेग अगदी कमी होतो. जूनमधला १०० मिलिमीटर पाऊस आणि जुलैअखेरचा १०० मिलिमीटर पाऊस यांत म्हणूनच फरक पडतो. जिथे शेताच्या जागी सिमेंटचे रस्ते आणि फरशी घातलेली अंगणे आली, तिथे तर मुरण्याचा प्रश्नच उरत नाही. त्यात पूर्णेचे खोरे सपाट. उत्तरेकडून सातपुड्यातील शहानूर आणि वाण, दक्षिणेकडून मोर्णा, काटेपूर्णा आणि मन, अशा दोन्ही अंगांनी नद्या पूर्णेला मिळतात. पूर्णा फुगलेली असली की उपनद्यांचे पाणी तुंबते. पुढे पूर्णा तापीला मिळते. ऑगस्ट २००६ मध्ये सुरत बुडाले तेव्हा तापीच्या त्या पाण्यात आपल्या वऱ्हाडाचेही पाणी होते. नकाशावरची जिल्ह्याची सीमा पाण्याला माहीत नसते.

नकाशातील रेषा

महाराष्ट्रात पाटबंधारे खात्याने १९८९ पासून नद्यांना दोन पूररेषा मानल्या आहेत. निळी रेषा साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये बांधकामाला मनाई आणि निळ्या व लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध, अशी कल्पना आहे. कल्पना चांगली आहे. तिची भाषा मात्र घात करते.

'शंभर वर्षांतून एकदा' हे ऐकून कोणालाही वाटेल, की १९९१ साली पूर आला, आता २०९१ पर्यंत निर्धास्त. खरा अर्थ असा, की दर वर्षी असा किंवा याहून मोठा पूर येण्याची शक्यता शंभरात एक. पुराला मागच्या वर्षीची आठवण नसते. फाशाला मागचे दान आठवत नाही, तसेच हे.

मुलांकडून हा हिशेब करवून घ्यावा. लाल रेषेवर घर आहे. एका वर्षी पूर न येण्याची शक्यता ०.९९. सलग तीस वर्षे न येण्याची शक्यता म्हणजे ०.९९ चा तिसावा घात, सुमारे ०.७४. म्हणजे तीस वर्षांत निदान एकदा पूर येण्याची शक्यता २६ टक्के. आता निळ्या रेषेवरचे घर घ्या. ०.९६ चा तिसावा घात सुमारे ०.२९ येतो. म्हणजे तीस वर्षांत निदान एकदा घरात पाणी येण्याची शक्यता ७१ टक्के! घरकर्जाची मुदत बहुधा वीस-तीस वर्षांचीच असते. 'पंचवीस वर्षांतून एकदा' ऐकून जो माणूस प्लॉट घेतो, त्याला '७१ टक्के' असे सांगितले असते तर त्याने तो घेतला असता का?

या रेषांवर आणखी दोन आक्षेप आहेत. एक, शंभर वर्षांच्या पुराचा अंदाज पुष्कळदा तीस-चाळीस वर्षांच्या नोंदींवरून काढावा लागतो. त्यातही जुना पाऊस आणि पुढचा पाऊस सारखाच असेल, हे गृहीत धरावे लागते. तापत्या हवेत बाष्प अधिक मावते, त्यामुळे हे गृहीतक आता डळमळीत झाले आहे. दोन, आणि वऱ्हाडासाठी हा अधिक महत्त्वाचा आक्षेप आहे: रेषा आखल्या जातात त्या मुख्यतः नद्यांना. अमरावतीत शहराच्या मधून अंबा नाला जातो. अकोल्यात मोर्णेला मिळणारे कितीतरी नाले वस्त्यांमधून येतात. एरवी कोरडे किंवा सांडपाण्याचे असणारे असले प्रवाहच अनेकदा घरात शिरतात, आणि बहुतेक छोट्या नाल्यांना रेषाच नसते. माझ्या त्या विद्यार्थ्याचे घर अशाच नाल्याकाठी होते. त्याच्यासाठी शासनाच्या नकाशात ना निळा रंग होता, ना लाल.

लोकांनाही रेषा नकोशी वाटते, हेही मान्य केले पाहिजे. चिपळुणात पूररेषेच्या आखणीला नागरिकांनी विरोध केला. कारण उघड आहे. रेषा आली की जागेची किंमत घसरते, बांधकामाची परवानगी अडते. पण रेषा न आखल्याने पाणी थांबत नाही. फक्त ते कोणाच्या माथी येणार हे कळत नाही. प्लॉट विकणारा मोकळा होतो आणि विकत घेणारा अडकतो.

पॉलिसीतील बारीक अक्षरे

तिसरा कागद विम्याचा. येथे स्वतःचीच फजिती सांगतो. आमच्या घरावर कर्ज होते, त्याबरोबर एक पॉलिसी आली होती. ती आठ वर्षे फाईलमध्ये पडून होती. एका पावसाळ्यात नाल्याचे पाणी घरात गुडघाभर चढले. फ्रीज, गाद्या आणि पुस्तकांची दोन कपाटे गेली. भिंतींना मात्र काही झाले नाही. पॉलिसी काढून वाचली तेव्हा कळले, की विमा फक्त इमारतीचा होता, घरातील वस्तूंचा नव्हता. ज्या वस्तू भिजल्या त्यांचा विमा नाही आणि जिचा विमा होता ती इमारत शाबूत! विज्ञानात डॉक्टरेट केलेल्या माणसाने आठ वर्षांत चार पाने वाचली नव्हती.

त्या वेळच्या 'आग आणि विशेष आपत्ती' पॉलिसीत पूर अंतर्भूत असे. पण हप्ता कमी करण्यासाठी पूर-वादळाचा भाग वगळण्याचीही मुभा होती. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी देणे बंधनकारक केले. तिच्यात पूर आहे. इमारतीची रक्कम काढताना जमिनीची किंमत धरत नाहीत. चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर, असा हिशेब असतो. समजा ८०० चौरस फूट आणि दर १,८०० रुपये, तर १४ लाख ४० हजार. इमारतीच्या विम्यासोबत घरातील सर्वसाधारण वस्तूंना या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. येथे ते २ लाख ८८ हजार होईल. माझी फजिती या तरतुदीने टळली असती. ही सुधारणा स्वागतार्ह आहे.

तरीही एक उणीव राहते. अमेरिकेत १९६८ पासून राष्ट्रीय पूरविमा योजना आहे. तिच्यात पुष्कळ दोष आहेत, पण पूरक्षेत्राचे नकाशे आणि विम्याचा हप्ता यांची सांगड घालण्याचा प्रयत्न तिथे झाला. त्यामुळे हप्ता हीच एक सूचना ठरू शकते. आपल्याकडे घरमालकाला नकाशा आणि हप्ता यांचा असा संबंध दिसत नाही.

मग सर्वांना सारखा हप्ता असावा का? एक हिशेब करू. वस्तीत हजार घरे आहेत. शंभर घरे नाल्याकाठी, तिथे दर वर्षी पुराची शक्यता ४ टक्के. नऊशे उंचावर, तिथे हजारात एक. प्रत्येक वेळी नुकसान दोन लाख. खर्च न धरता नाल्याकाठच्या घराचा योग्य हप्ता ८,००० रुपये येतो आणि उंचावरच्या घराचा २००. सरासरी काढली तर सर्वांना ९८० रुपये. पण उंचावरचा माणूस म्हणेल, मी का भरू? तो बाहेर पडला की उरलेल्यांचा हप्ता वाढतो, आणखी लोक बाहेर पडतात. उलट ८,००० रुपये मागितले तर नाल्याकाठच्या मजुराला ते परवडत नाहीत. शिवाय पूर आगीसारखा एकेका घराला लागत नाही. शंभर घरे एकाच रात्री बुडतात. वर्षाला ९ लाख ८० हजार गोळा करणाऱ्याने एका सकाळी दोन कोटी द्यायचे कोठून? म्हणून विमा दूरदूरच्या प्रदेशांत पसरवावा लागतो आणि त्याला पुनर्विम्याचा आधार लागतो. गरिबांच्या हप्त्यात समाजाने वाटा उचलावा की नाही, हा प्रश्न गणिताचा नाही, न्यायाचा आहे. तो वर्गात मोकळेपणाने चर्चेला यावा.

ज्यांच्याकडे विमा नाही, त्यांना पंचनाम्याचा आधार. २०२२ ते २०२६ साठी केंद्राने ठरवलेल्या आपत्ती-मदतीच्या निकषांत सपाट प्रदेशातील पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार आणि अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये होते. वर उल्लेखिलेल्या एका फ्रीजची किंमतही त्यात निघत नाही. मदत ही मदत असते, ती भरपाई नव्हे.

शाळेने काय करावे?

भूगोलाच्या वर्गात आपण पुराची कारणे, परिणाम आणि उपाय यांची यादी पाठ करून घेतो. त्या यादीत मुलाचे स्वतःचे घर कोठेच नसते. त्याऐवजी एक प्रकल्प घ्यावा. मुलांनी गावातील वृद्धांना विचारावे, पाणी कोणत्या साली कोठपर्यंत आले होते. वरुड तालुक्यातील मुलांना ३० जुलै १९९१ ची आठवण सांगणारे लोक आजही भेटतील. वर्धा नदीच्या त्या पुरात पलीकडच्या मोवाड गावातील दोनशेहून अधिक माणसे दगावली. भिंतीवर, देवळाच्या पायरीवर, पारावर दाखवलेल्या खुणा गवंड्याच्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने एका पातळीशी जोडून मोजाव्यात. त्या गावाच्या नकाशावर मांडाव्यात. शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक ठेवावा आणि नाल्याच्या पुलावर रंगाने मोजपट्टी आखावी. किती मिलिमीटर पावसाला नाला किती चढतो, हे दोन-तीन पावसाळ्यांत दिसू लागते. जोडीला प्रत्येकाने घरी पॉलिसी असल्यास ती वाचून तीन प्रश्नांची उत्तरे आणावीत: पूर आहे का, वस्तू आहेत का, रक्कम किती?

अशा नोंदी चार-पाच शाळांनी केल्या तर ज्या नाल्यांना शासनाची रेषा नाही, त्यांची पहिली रेषा मुलांच्या वहीत तयार होईल. ती अचूक नसेल, पण ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत ठेवण्याइतकी खरी नक्कीच असेल.

त्या मुलाला मी त्या दिवशी नीट उत्तर दिले नाही. ते असे द्यायला हवे होते: "बाळा, तुझ्या घराचा पूर शंभर वर्षांचा नाही, बहुधा दोन-तीन वर्षांचा आहे. तीन वर्षांच्या नोंदीवरून पक्के सांगता येत नाही. तू पुढे मोजत राहा."