‘यादवी’ आणि ‘हस्तक्षेप’ : एका ग्रंथाच्या परिभाषेचा विचार

ओड आर्ने वेस्टाड यांचा ‘द ग्लोबल कोल्ड वॉर’ हा ग्रंथ २००५ साली प्रसिद्ध झाला. शीतयुद्धाचे मर्म युरोपात नव्हे, तर आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिकेत शोधले पाहिजे, हा त्याचा मुख्य सिद्धान्त होय. अमेरिका व सोव्हिएट संघ आपापली आधुनिकतेची कल्पना नवस्वतंत्र देशांत रुजवू पाहत होते; त्यांचा हस्तक्षेप हा निव्वळ लष्करी डावपेच नव्हता, हे ग्रंथकाराने साधार दाखविले आहे. सीरियात २०१४ साली अमेरिका व २०१५ साली रशिया युद्धात उतरल्यानंतर हे प्रश्न पुन्हा जिवंत झाले. म्हणूनच ग्रंथाची परिभाषा तपासणे अगत्याचे ठरते.

मराठीत अशा युद्धास ‘यादवी’ म्हणतात. या शब्दामागे मौसलपर्वातील कथा आहे. यादव आपसांत लढून नष्ट झाले. बाहेरचा शत्रू तेथे नव्हता. अर्थात हा शब्द विनाशाचे उत्तरदायित्व कुळाच्या आतच ठेवतो. ‘हस्तक्षेप’ या शब्दाची गती याच्या उलट आहे. त्याचा कर्ता सदैव बाहेरचा. ज्या देशात युद्ध घडते, तो केवळ अधिकरण म्हणून उरतो. वेस्टाड यांनी स्थानिक नेत्यांच्या निर्णयांची दखल घेतली आहे, हे खरे. तथापि ग्रंथाच्या उपशीर्षकातच हस्तक्षेपाला अग्रस्थान आहे, आणि विवेचनाचा भारही तिकडेच झुकतो.

अंगोलाच्या उदाहरणाने दोन्ही शब्दांची मर्यादा स्पष्ट होते. एमपीएलए, एफएनएलए व युनिटा या तीन संघटनांतील वैर स्वातंत्र्यापूर्वीचे होते. जानेवारी १९७५ मधील आल्व्होर करार काही महिन्यांतच मोडला. मग एमपीएलएला सोव्हिएट शस्त्रे मिळाली, तिच्या प्रतिस्पर्ध्यांना अमेरिकेचे गुप्त साहाय्य मिळाले, आणि दक्षिण आफ्रिकेचे सैन्यही देशात शिरले. येथे ‘यादवी’ हा शब्द अपुरा पडतो. परंतु क्यूबाने सैन्य धाडले ते मॉस्कोच्या आज्ञेने नव्हे, स्वतःच्या निर्णयाने, असे पिएरो ग्लेहेसेस यांच्या संशोधनातून दिसून आले आहे. म्हणजे ज्याला प्यादे समजावे, तोही कर्ताच ठरतो.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढील काळातील आहे. १९८८ च्या करारानंतर परकी सैन्ये परतली. १९९१ मध्ये सोव्हिएट संघही विसर्जित झाला. तरीही १९९२ च्या निवडणुकीनंतर युद्ध पुन्हा पेटले. शासनाला तेलाचा व युनिटाला हिऱ्यांचा पैसा मिळत राहिला, आणि फेब्रुवारी २००२ मध्ये साव्हिम्बी मारले गेल्यावरच त्याची अखेर झाली. महासत्ताच एकमेव कर्त्या असत्या, तर त्या दूर होताच युद्ध थांबावयास हवे होते.

यावरून महासत्ता दोषमुक्त होतात, असे मात्र नाही. कलहाला दीर्घ युद्धाचे बळ आले ते बाहेरून आलेल्या शस्त्रांमुळे. अशा युद्धाच्या वर्णनास एक कर्ता पुरत नाही, एवढाच याचा अर्थ. केवळ ‘यादवी’ म्हटल्याने शस्त्रे पुरविणारा सुटतो. केवळ ‘हस्तक्षेप’ म्हटल्याने ती चालविणारा सुटतो. वेस्टाड यांच्या ग्रंथाने पहिली चूक दुरुस्त केली, हे त्याचे मोठे श्रेय होय. दुसरी टाळण्याची जबाबदारी त्याच्या वाचकांवर आहे.