भिंतीवरची दिनदर्शिका आणि फोनमधला मदतनीस

जळोचीतल्या एखाद्या स्वयंपाकघरात भिंतीवर दिनदर्शिका दिसते. रोजच्या चौकोनात दुधाचा आकडा. दूध आले नाही, की खाडा. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेल्या ‘कालनिर्णय’ने घराघरांत ही सोय केली. गूगलचा फोनमधला मदतनीस २०१८ मध्ये मराठी बोलू लागला. दोघांत हुशार कोण, हे आम्ही पाहिले नाही. चूक झालीच तर ती कुठे सापडते, हे पाहिले.

‘परवा’ हा शब्द घ्या. तो गेलेल्या दिवसाचा आणि येणाऱ्याही. ‘परवा फी भरली’ की ‘परवा फी भरायची’, हे क्रियापदावरून ठरते. यंत्राला आधी आवाजातून शब्द आणि मग शब्दांतून तारीख काढावी लागते. कोणत्याही पायरीवर ते घसरले, तरी पडदा पाहिल्याशिवाय आपल्याला कळत नाही. कागदावर चौकोन निवडतानाच तारीख ठरते. शिवाय महिन्याचे सगळे खाडे एका नजरेत दिसतात. मदतनीस विचारले तेवढेच सांगतो.

वेळेवर हाक मारण्यात मात्र कागद साफ हरतो. भिंत काही वाजत नाही! म्हणून औषधाची वेळ आम्ही फोनवर सोपवली, दुधाचा हिशेब भिंतीवरच ठेवला. वर्गात मुलांकडून ‘परवा’ची दहा वाक्ये फोनला सांगून पाहा आणि त्याने धरलेल्या तारखा फळ्यावर मांडा.