किरणोत्सारबाधा आणि थरारपटाचे काळभान

भरताने सांगितलेल्या तेहतीस व्यभिचारी भावांत 'व्याधी' या भावाचा समावेश आहे. व्यभिचारी भाव येतो, स्थायी भावाला पुष्ट करतो आणि ओसरतो. कथावस्तूवर त्याचे स्वामित्व नसते. आधुनिक थरारपटात किरणोत्सारबाधेला जे स्थान मिळते ते बहुतांशी याच संचारी स्वरूपाचे आहे. नायकाला सूडास प्रवृत्त करावे, कथेला गती द्यावी आणि अखेरीस त्याच्या मृत्यूला काही अर्थ द्यावा, एवढ्यापुरतीच ती पडद्यावर अवतरते. ही मर्यादा एखाद्या दिग्दर्शकाची, की थरारपट या प्रकाराच्या संरचनेतच ती अटळ आहे, हा प्रश्न मार्टिन कॅम्पबेल यांच्या 'एज ऑफ डार्कनेस' (२०१०) या चित्रपटाच्या आधारे तपासून पाहण्यासारखा आहे.

बोस्टनमधील पोलीस अधिकारी क्रेव्हन याची मुलगी एमा घरी येते. तिला उलट्या होतात, नाकातून रक्त येते. बाप तिला दवाखान्यात नेण्यासाठी निघतो आणि दारातच ती बंदुकीच्या गोळीला बळी पडते. तिच्या शरीरात किरणोत्सारी द्रव्य होते, हे पुढील तपासात उलगडते. ते तिला दुधातून दिले गेलेले असते. क्रेव्हनलाही कालांतराने तीच बाधा होते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. एमाचा आजार सुरू होतो न होतो तोच बंदूक त्याची कथा थांबवते. आजाराला जो काळ लागतो तो थरारपटाला परवडत नाही.

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने तीव्र किरणोत्सारबाधेच्या वाटचालीला ठळक अवस्था आहेत. प्रथम मळमळ व उलट्या. मग काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंत टिकणारी सुप्तावस्था, जिच्यात रुग्ण स्वतःला बरा झालेला समजतो. आणि त्यानंतर रक्तपेशींचा ऱ्हास, जंतुसंसर्ग, रक्तस्राव. मात्रा जितकी अधिक तितकी सुप्तावस्था आखूड. आख्यानाच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही सुप्तावस्था म्हणजे रोगाने स्वतः निर्माण केलेले रहस्यच होय. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक आणि पात्रांना मात्र ठाऊक नाही, या हिचकॉकप्रणीत युक्तीशी तिचे साम्य उघड आहे.

मग थरारपट तिचा उपयोग का करीत नाही? याचे उत्तर उत्कंठेच्या स्वरूपात सापडते. बॉम्ब निकामी करता येतो, म्हणून घड्याळाच्या काट्याकडे पाहणे अर्थपूर्ण ठरते. शरीराने एकदा घेतलेली मात्रा मात्र परत करता येत नाही. उपचारांनी रुग्ण वाचू शकतो. घडलेली घटना पुसली जात नाही. म्हणजे सुप्तावस्था पडद्यावर पूर्णत्वाने आली तर उत्कंठेची जागा करुण घेईल, आणि थरारपट आपला प्रकारधर्म गमावून बसेल. तोदोरोव्ह यांनी रहस्यकथेत गुन्ह्याची कथा आणि तपासाची कथा असे दोन स्तर मानले. किरणोत्सारबाधेत हे दोन्ही स्तर एकाच देहात एकवटतात; भूतकाळ रक्तात चालूच राहतो. चित्रपट मात्र त्यांना पुन्हा वेगळे करतो आणि तपासाच्या कथेला झुकते माप देतो.

ट्रॉय केनेडी मार्टिन यांनी लिहिलेल्या आणि कॅम्पबेल यांनीच दिग्दर्शित केलेल्या १९८५ च्या मूळ दूरचित्रवाणी मालिकेत क्रेव्हन स्वतः भूमिगत अणुप्रकल्पात शिरतो आणि तेथे बाधित होतो. मालिकेतील धोका एका स्थळाचा, एका व्यवस्थेचा आहे. चित्रपटात तो दुधाच्या बाटलीत उतरतो. किरणोत्सार हे 'विष' झाले की विष देणारा हात शोधता येतो आणि त्या हाताला शासन झाले की कथा मिटते. या एका बदलात चित्रपटाने मालिकेचा राजकीय आशय मोठ्या प्रमाणात गमावला आहे.

वास्तवात असा हात अनेकदा सापडत नाही. २०१० साली दिल्ली विद्यापीठातील वापरात नसलेले कोबाल्ट-६० चे यंत्र लिलावात भंगार म्हणून विकले गेले आणि मायापुरीच्या भंगारबाजारात ते फोडताना कामगार बाधित झाले. त्यांतील एकाचा मृत्यू झाला. त्यापूर्वी, २००८ साली, फ्रान्समध्ये उद्वाहनांच्या बटणांत कोबाल्ट-६० आढळले. त्या पोलादाचा माग रायगड जिल्ह्यातील खोपोलीपर्यंत पोहोचला. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळया घडविल्या जातात. भंगाराच्या ढिगात काय येते आणि ते कोणाच्या हाताखालून जाते, हे ज्या गावाला रोज दिसते तेथील प्रेक्षकाला दुधात विष कालवणारा खलनायक फार सोयीचा वाटेल. निष्काळजीपणाला चेहरा नसतो, आणि चेहरा नसलेल्या गुन्ह्याला आलंबन विभाव कोठून आणावयाचा, हीच थरारपटाची खरी अडचण आहे.

ब्राझीलमधील गोयानिया येथे १९८७ साली परित्यक्त रुग्णालयातील सिझियम-१३७ भंगारवाल्याच्या हाती लागले. अंधारात निळसर चमकणारी ती भुकटी आप्तेष्टांना कौतुकाने वाटली गेली. त्यात चौघे दगावले. या घटनेत भयाच्या आधी अद्भुत आहे, आणि त्या अद्भुतातूनच करुण उद्भवतो. रसांचा हा क्रम कोणत्याही कल्पित कटापेक्षा अधिक दारुण आहे. रॉबेर्तो पिरेस यांनी १९९० साली या दुर्घटनेवर चित्रपट केला, ही गोष्ट या संदर्भात नोंदवण्याजोगी आहे.

चित्रपटाने वैद्यकीय पाठ्यपुस्तक व्हावे, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. क्षेमेंद्राच्या अर्थाने औचित्याची अपेक्षा मात्र रास्त ठरते. ज्या व्याधीचे मर्म विलंबात आणि अदृश्यतेत आहे, तिला तत्काळ आणि दृश्य करणे म्हणजे तिचे लक्षण घेऊन स्वभाव टाकून देणे होय. 'एज ऑफ डार्कनेस'च्या प्रारंभी, काय होत आहे हे न कळलेला बाप उलट्या करणाऱ्या मुलीकडे पाहतो. त्या क्षणी हे औचित्य चित्रपटाच्या हाती होते. पुढे गोळी सुटते, आणि प्रेक्षकाला जे न कळण्याचे भय सोसावयाचे होते त्यातून त्याची सुटका होते.