सेंट किल्डाचे पाहुणे

सेंट किल्डा मी पाहिलेले नाही, आणि या मास्तरकीच्या पगारात पाहीन असेही वाटत नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेस, भर अटलांटिकमध्ये हा चिमुकला द्वीपसमूह आहे. तेथे आता कायमची वस्ती उरलेली नाही. गॅनेट, फुल्मार, पफिन या पक्ष्यांच्या वसाहती मात्र आहेत. तेथे जाऊन आलेल्यांची वर्णने एकदा मी वर्गात रंगवून सांगत होतो. उभे कडे, धुके, पांढऱ्या पंखांचे वादळ! आमची शाळा खाडीकाठची. मागच्या बाकावरच्या कोळ्याच्या पोराने विचारले, "गुरुजी, पण तिथली माणसं खायची काय?"

माझा सगळा रंग तिथेच उतरला. एकोणिसाव्या शतकात आगबोटीने आलेल्या पाहुण्यांना पक्षी म्हणजे देखावा, आणि बेटकरी त्या देखाव्यातलीच चित्रे. पोराला उत्तर दिले ते मार्टिन मार्टिनच्या १६९८ च्या पुस्तकाने. हा गृहस्थ स्काय बेटाचा, गेलिक बोलणारा. १६९७ साली तो तेथे गेला. बेटकऱ्यांची भाषा येत होती म्हणून तो विचारू शकला, आणि त्याने विचारले तेही हिशेबाने. घरोघर चौकशी करून तो सांगतो की, आदल्या वर्षी बेटावर २२,६०० गॅनेट खाल्ले गेले. माणसे होती सुमारे १८०! कड्यावरून उतरण्याचा दोर कोणा एकाचा नव्हे, साऱ्या गावाचा, हेही त्याने टिपले आहे. त्या एका दोराच्या मजकुरात मला सबंध गाव दिसले.

मार्टिन निर्दोष आहे असे मात्र नव्हे. हे बेटकरी इतर माणसांहून सुखी, असे तो बेधडक लिहून जातो. आणि त्याच पुस्तकात जमीनदाराचा कारभारी दरसाल लवाजमा घेऊन येतो व त्याला पोसावे लागते बेटकऱ्यांना! खुद्द मार्टिननेही त्यांचीच अंडी खाल्ली. त्याची वाक्ये भाबडी आहेत, आकडे नाहीत.

२९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेली ३६ माणसे, त्यांनीच केलेल्या अर्जावरून, मुख्य भूमीवर नेण्यात आली. त्यावर पुढे पुष्कळ हळवे लिहिले गेले. वाचताना मला वाटते, यांना माणसांचे दुःख आहे की चित्र अपुरे राहिल्याचे?

पण मी तरी कोणत्या तोंडाने बोलावे? माझ्या पहिल्या कादंबरीत खाडीवरच्या बगळ्यांना दोन पाने आहेत, आणि त्याच खाडीत जाळे टाकणाऱ्याला अडीच ओळी. पुस्तक शाळेच्या कपाटात आहे. त्या पोराने ते अजून मागितलेले नाही.