आज्ञा कोणाची मानावी?

पंडिता रमाबाईंच्या इंग्रजी पत्रव्यवहाराचा संग्रह महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला. मंडळाचे अध्यक्षपद तेव्हा वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्याकडे होते. प्राज्ञपाठशाळेत घडलेल्या पंडिताच्या कारकीर्दीत एका ख्रिस्ती विदुषीची पत्रे प्रकाशात यावीत, हे आम्हांस भूषणावह वाटते.

संग्रहाचा गाभा म्हणजे १८८५ सालचा वाद. बाप्तिस्मा घेऊन दोन वर्षे झालेल्या रमाबाई इंग्लंडात चेल्टनम येथील स्त्रियांच्या विद्यालयात होत्या. त्यांनी पुरुषांसही शिकवावे असा विचार निघताच हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. असे केल्यास स्वदेशात बाईंचे वजन कायमचे नाहीसे होईल, हे त्यांचे म्हणणे. म्हणजे हरकतीचा भर शास्त्रवचनापेक्षा लोकापवादावर होता, आणि लोक कोण, तर हिंदू! रमाबाईंनी हे वर्मच धरले. आपण स्वदेशी पुरुषांच्या सभांतून बोललो आहोत. पित्याने अथवा पतीने जे कधी निषिद्ध मानले नाही, ते इंग्रजांनी मानावे याचे नवल वाटते, असे त्यांनी कळविले. ईश्वराची आज्ञा शिरोधार्य. परंतु धर्माधिकाऱ्याचे मत म्हणजे ईश्वराची आज्ञा नव्हे, हा त्यांचा मुद्दा आम्हांस बिनतोड वाटतो.

संग्रहात एक उणीव आहे. पत्रे जमविणाऱ्या सिस्टर जेराल्डिन याच वादातील एक पक्ष होत्या. शिष्येच्या स्वतंत्र बुद्धीत त्यांस अहंकार दिसतो. संपादक अ. भि. शहा यांच्या प्रस्तावनेबरोबरच वाचकाने आपला विवेकही जागा ठेवावा. तथापि आपल्या मताचे खंडन करणारी पत्रे सिस्टरांनी नष्ट केली नाहीत, याबद्दल त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

रमाबाईंनी पुरोहितपद मागितले नाही. पण केडगावच्या मुक्तिसदनाचे नेतृत्व त्यांनी केले, आणि त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली छापून निघाले. ते वाचणारा पुरुष एका स्त्रीकडूनच धर्म शिकतो! दक्षिण भारताच्या चर्चने १९७६ साली स्त्रीस पुरोहितदीक्षा दिली, २०१३ साली बिशपपदही दिले. रोमन कॅथलिक पंथात मात्र पुरोहितपदाचे दार अद्याप बंद आहे. पौलाच्या वचनांवर वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांनी हा संग्रह अवश्य वाचावा. वचनाचा आधार कोठे संपतो आणि लोकलज्जेचा कोठे सुरू होतो, हे त्यात स्वच्छ दिसते.